चित्रीकरणाचा एक दिवस : फाळके यांच्या दादरच्या उद्योगातून शाळेस घेता येण्याजोगे काही

भ्रमणध्वनीत कॅमेरा आल्यापासून शाळेतील मुलांकडून पाच-सहा मिनिटांचा एखादा चित्रपट करवून घेणे ही गोष्ट खेड्यातील शिक्षकाच्याही आवाक्यात आली आहे. गोष्ट निवडली जाते, पात्रे ठरतात, एक शनिवार मुक्रर होतो. आणि सायंकाळी जे हाती येते ते पाहून मुले व शिक्षक दोघेही हिरमुसतात. चेहरे काळे पडलेले असतात, बोलणे वाऱ्यात विरून गेलेले असते, आणि विहिरीपाशी निळ्या सदऱ्यात असलेला मुलगा घराच्या दारात शिरताना पांढऱ्या सदऱ्यात दिसतो. यात दोष मुलांचा नसतो, उपकरणाचाही नसतो. चित्रीकरणाच्या दिवशी जे घडते ते बहुतेक त्यापूर्वीच ठरून गेलेले असते, याकडे दुर्लक्ष झाल्याचा तो परिणाम होय. आपल्याकडे ही गोष्ट जवळजवळ गुरूवाचून आणि पदरमोड करून ज्यांनी शिकून घेतली, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाची हकीकत म्हणूनच शिक्षकाने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, मुद्रण, ठसे तयार करणे असे उद्योग त्यांनी पुढे केले. १९११ साली ईस्टरच्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस येथे त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला व त्यांना या विद्येचा ध्यास लागला. दिवसचे दिवस प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, तेथील एका चित्रपट-स्टुडिओतील काम जवळून पाहिले, विल्यमसन जातीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परतले. त्या वेळी त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. विद्यार्थी होण्यास हे वय त्यांना अधिक वाटले नाही.

कॅमेरा आल्याबरोबर राजाची कथा चित्रित करण्यास ते धावले नाहीत. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा स्थिर ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने त्याचे एकेक चित्र घेतले. ती चित्रे पडद्यावर सलग दाखविताच बीज फुटते, अंकुर वर येतो आणि त्याचा वेल होतो, हे सारे मिनिटभरात डोळ्यांसमोर घडले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. तो पाहून स्नेह्यांचा विश्वास बसला व चित्रपटासाठी कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

या प्रयोगाविषयी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी लिहिलेली आढळते, ती अशी की फाळके दररोज एकच चित्र घेत. वरच्या वर्गातील मुलांना हे विधान गणितासाठी अवश्य द्यावे. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे १६ चित्रे दाखवीत. रोज एक याप्रमाणे महिन्याची ३० चित्रे झाली, तर पडद्यावरचा खेळ दोन सेकंदांतच आटोपेल. एक मिनिटासाठी १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रे हवीत. ती ३० दिवसांत घ्यावयाची तर दररोज ३२ पडतात. केवळ दिवसाउजेडी बारा तास काम केले असे धरल्यास सुमारे तेवीस मिनिटांस एक! एवढा वेळ कुंडीपाशी राहणे म्हणजे काय, याची कल्पना मुलांना या गुणाकारातून जितकी येईल तितकी चार व्याख्यानांतून यावयाची नाही. छापलेले प्रत्येक विधान ताडून पाहण्याची सवयही सहज लागेल.

हा प्रयोग शाळेत करता येतो. वाटाणा न मिळाल्यास मटकी किंवा वाल चालतो. कुंडी वर्गाच्या एका कोपऱ्यात ठेवावी, भ्रमणध्वनी ज्या स्टुलावर ठेवावयाचा त्याच्या पायांभोवती खडूने खुणा कराव्यात, आणि प्रत्येक मधल्या सुट्टीपूर्वी व नंतर एकेक चित्र पाळीपाळीने मुलांनी घ्यावे. चित्रे थोडी असली तरी प्रत्येक चित्र क्षणभर अधिक ठेवून ती सलग दाखविता येतात. कोणी कुंडी हलविली, कोणी स्टूल सरकविले, तर पडद्यावर रोप उडी मारते व चूक ज्याची त्याला दिसते. कॅमेरा स्थिर का असावा हे मग निराळे सांगावे लागत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम १९१२ साली दादरच्या मेन रोडवरील मथुरा भवन या बंगल्यात सुरू झाले. पुढे या रस्त्यास फाळके यांचेच नाव देण्यात आले. विजेच्या दिव्यांची सोय नसल्याने राजवाड्याची दृश्येसुद्धा सूर्यप्रकाशातच घ्यावी लागत. सूर्य तर कोणासाठी थांबत नाही. भर दुपारी तो डोक्यावर आला की कपाळाची छाया डोळ्यांत पडते आणि चेहरा खोबणीसारखा दिसतो. सकाळी व उतरत्या उन्हात तोच चेहरा भरलेला दिसतो. चित्रीकरणाच्या वेळी सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, अशी आठवण सांगतात. पांढरे कापड उन्हाकडे धरले तर चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूस उजेड परततो, आणि डोक्यावर धरले तर उन्हाची तिरीप सौम्य होते. शाळेत एक धुतलेले धोतर दोन मुलांनी ताणून धरले की हेच साधन तयार होते. मुलाच्या पाठीमागे उजळ आकाश अथवा खिडकी असेल तर कॅमेरा त्या उजेडाशी जुळवून घेतो व चेहरा काळा पडतो. अशा वेळी कॅमेऱ्याची दिशा बदलावी.

त्या काळी कच्ची फिल्म परदेशातून मागवावी लागे. एक दृश्य बिघडले म्हणजे पैसा गेला. म्हणून कॅमेऱ्याचे हँडल फिरविण्यापूर्वी तालमी होणे अपरिहार्य होते. आज चित्र पुसून पुन्हा घेण्यास काही पडत नाही. ही सोय खरी, तरी तिनेच तालमीचा आळस आणला आहे. एकेक दृश्य दहा-दहा वेळा घेतल्यावर अकराव्या वेळी मुलाच्या चेहऱ्यावर केवळ कंटाळा उरतो. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी तालीम करावी. ऊन कोठे असते व पलीकडच्या गिरणीचा आवाज केव्हा सुरू होतो, तेही तेव्हाच कळते.

दृश्ये कथेच्या क्रमाने घेऊ नयेत, जागेच्या क्रमाने घ्यावीत. विहिरीवर घडणारे सारे प्रसंग, मग ते कथेत आरंभी असोत की शेवटी, एका खेपेत उरकावेत. मात्र असे केले की कोणत्या प्रसंगी कोणी काय नेसले होते, दप्तर कोणत्या खांद्यावर होते, याची नोंद ठेवणारा एक विद्यार्थी हवाच. हे काम वर्गातील सर्वांत नीटनेटक्या मुलीस किंवा मुलास द्यावे आणि त्याचा शब्द शिक्षकानेही मानावा.

फाळके यांनी बाहेरची दृश्ये कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी येथे घेतली. तेथे वेष केलेली, तलवारी घेतलेली मंडळी पाहून गावकऱ्यांस ते दरोडेखोर वाटले व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. फाळके यांनी कॅमेरा दाखवून समजूत घातली तेव्हा सुटका झाली. हसण्याजोगी असली तरी ती उपयोगाची आहे. ज्याच्या शेतात वा ओसरीवर जावयाचे त्यास, आणि ग्रामपंचायतीस, आधी कळवावे. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि मुलांची चित्रे सर्वांस खुल्या ठिकाणी घालू नयेत.

रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र करीत होता. बाहेरच्या चित्रीकरणाच्या वेळी खेळताना तो दगडावर पडला, डोक्यास जखम झाली. मुंबईस परत न्यावे असे सोबत्यांनी सुचविले असताही फाळके यांनी मृत रोहिदासाचे दृश्य ठरल्याप्रमाणे चित्रित केले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. पत्नीचे दागिने ज्या कामात गेले त्या कामाबद्दल पित्याच्या मनात काय चालले असेल हे समजण्यासारखे आहे. तरी शाळेने हा कित्ता गिरवू नये. मुलास लागले, ऊन लागले, तो रडकुंडीस आला, की त्या दिवसाचे काम संपले. पाण्याची घागर आणि प्रथमोपचाराची पेटी कॅमेऱ्याइतकीच आवश्यक समजावी. विहीर, तळे, रेल्वेचे रूळ यांच्या कडेस दृश्य योजूच नये.

पडद्यावर न दिसणाऱ्या कामाबद्दलही सांगितले पाहिजे. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत, चित्रित केलेली फिल्म धुण्यास साहाय्य करीत. स्त्रीभूमिकेस कोणी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या आणि पुढे तर ते कॅमेराही चालवू लागले. शाळेतही आज चादर धरणाऱ्याने उद्या कॅमेरा धरावा अशी पाळी ठेवावी. एरवी बोलक्या मुलांचाच चित्रपट होतो व बाकीची मुले दिवसभर उन्हात बसून राहतात.

सहा महिने सत्तावीस दिवस खपून सुमारे ३,७०० फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांस दाखविण्यात आला. आपण काम कसे केले हे फाळके यांनी झाकून ठेवले नाही. चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा एक लघुपट त्यांनी १९१७ साली काढला, व ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये लेखही लिहिले. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या दिवशी आपले चित्रण एकत्र बसून पाहावे, प्रथम काही न बोलता. नंतर प्रत्येकाने आपल्या कामातील एक चांगली व एक बिघडलेली गोष्ट वहीत लिहावी. दुसऱ्याच्या कामातील चूक लिहिण्यास त्या दिवशी मनाई असावी.

‘राजा हरिश्चंद्र’ च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उपलब्ध आहेत. तीही १९१३ ची नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मुलांच्या चित्रपटाची एक प्रत शाळेच्या संगणकावर व दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि दोहोंवर तारीख, गाव व काम करणाऱ्या सर्व मुलांची नावे, चादर धरणाऱ्यांसह, लिहावीत.