विकर, खामरा आणि एन्झाइम

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कराडपासून सांगलीपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसतात. त्या काट्यावर रखडल्या की शेतकरी म्हणतो, ऊस वाळला, वजन घटलं. ते खरंच आहे. पण उसाच्या आतही काहीतरी चालू असतं. तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखरेचा रेणू फोडून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. मग त्यांची दाणेदार साखर होत नाही, ती मळीत जातात आणि कारखान्याचा उतारा पडतो.

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला गेलेली आपली मुलगी जे शिकते, ते हेच. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि तिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. अडचण बुद्धीची नसते, शब्दांची असते. मराठी शाळेतून आलेली 'विकर' शिकून आलेली असते, उर्दू शाळेतून आलेली 'खामरा'. वर्गात दोघींपुढे 'एन्झाइम' येतं आणि पाठोपाठ हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज अशी लांबलचक नावं. ग्लुकोजपासून पायरुव्हेटपर्यंत दहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला वेगळं एन्झाइम. मुली तक्ता भिंतीला चिकटवतात आणि घोकतात. घोकंपट्टीने पेपर निघतो, विषय मात्र हाती लागत नाही.

आम्ही सुचवू, आधी नाव बाजूला ठेवा आणि विचारा, हा रस्ता कुठे अडतो, कोण अडवतं? फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हा त्यातला नाकेदार. पेशीत ऊर्जा भरपूर असली की तो मंदावतो, कमी पडली की वेग घेतो. एवढं उमगलं की नाव आपोआप लक्षात राहतं.

घरात तर याचं उदाहरण दरवर्षी असतं. सेहरीनंतर काही तास जेवणातलं ग्लुकोज पुरतं. पुढे इन्सुलिन उतरतं, ग्लुकागॉन वाढतं आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा एन्झाइम्स फोडू लागतात. सोबतीला चरबीही जळू लागते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या अब्बांनी रमजानआधी डॉक्टरांना का भेटायचं, हे अशी मुलगी घरच्यांना नीट समजावू शकते. औषध साखर उतरवत राहतं आणि वरून जेवण येत नाही, धोका तिथे आहे. रक्ताच्या अहवालातलं एसजीपीटी हेही एक एन्झाइमच. यकृताच्या पेशींना इजा झाली की ते रक्तात वाढतं.

"पण पोरीला कोल्हापूरला ठेवायचं?" बी.एस्सी. झाल्यावर बऱ्याच घरांत गाडी इथेच थांबते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना 1933 साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी त्यांनी शोधून काढलं आणि 1939 मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांना संस्थेने अडवलं होतं. आपल्या मुलींना बहुधा घरच अडवतं, आणि तेही अंतराचं कारण सांगून. सांगलीहून कोल्हापूर जेमतेम पन्नास किलोमीटर आहे.