दाखला कुठला, हसू कुणावर? प्रवचनातले दृष्टांत अभ्यासताना

पीएचडीच्या प्रस्तावात 'ख्रिस्ती प्रवचनांतील दृष्टांत व विनोद' असा विषय लिहिला की समोरून हमखास प्रश्न येतो, "गोष्टी आणि विनोद गोळा करण्यात संशोधन ते काय?" प्रश्न रास्त आहे. नुसत्या गोष्टी गोळा केल्या तर तो संग्रह होतो. ही गोष्ट या जागी, या लोकांसमोर नेमकं काय काम करते, हे विचारलं की संशोधन सुरू होतं. आज हा फरक एका गावाच्या आधारानं पाहू.

गाव आहे शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. येमाई देवीचं आणि तमाशाच्या लेखणीचं गाव. गण, गौळण, लावण्या, वग लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर इथलेच. त्यांना राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. तालुक्याचं ठिकाण असलेलं शिरूर १९व्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं एक केंद्र होतं. म्हणजे या भागातल्या पाळकासमोर बसलेला श्रोता कोरा नसतो. त्यानं कीर्तन ऐकलेलं असतं, बतावणीला पोट धरून हसलेला असतो. गोष्ट कुठं वळणार, हे त्याला आधीच कळतं.

आता सगळ्यांच्या ओळखीचा दाखला घ्या, पेरणाऱ्याचा. काही बी वाटेवर पडतं, काही खडकाळ जागेवर, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. पुस्तकात वाचणारा 'खडकाळ' म्हणजे दगडगोटे असलेली जमीन समजतो. पण दाखल्यातली जमीन वेगळी आहे. वर मातीचा पातळ थर आणि खाली सलग खडक. म्हणून तर बी लवकर उगवतं आणि ऊन चढताच करपतं. कवठ्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. जवळच टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडी नदीनं कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत. मातीखाली काय आहे, हे इथं उघड्यावर दिसतं. पाळकानं "आपल्या माळावरची पेर आठवा" एवढं म्हटलं तरी अर्धं काम होतं.

हे 'अर्धं काम' मोजायचं कसं? इथं बरेच जण पाश्चात्त्य प्रवचनशास्त्रातली वर्गवारी उचलतात. उपमा, किस्सा, व्यक्तिगत अनुभव, विनोद, असे चार रकाने केले की झालं. सुरुवातीला मीही तेच केलं होतं. अडचण अशी की एकच गोष्ट तीन रकान्यांत बसते आणि ती काय काम करते ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

मराठीत याहून नेमकं साधन आहे, आणि तेही जुनं. महानुभाव पंथाच्या १३व्या शतकातल्या 'दृष्टांतपाठा'त केसोबासांनी प्रत्येक ठिकाणी तीन भाग ठेवले आहेत. सूत्र म्हणजे सांगायचं तत्त्व, दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचा तत्त्वाशी घातलेला मेळ. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट तिथंही आहे. ही त्रिपदी कुठल्याही प्रवचनाला लावून बघा. गोष्ट रंगली, पण दार्ष्टान्तिक आलंच नाही, तर श्रोत्यांना गोष्ट आठवते आणि सूत्र हरवतं. दार्ष्टान्तिक फार लांबलं तर श्रोत्यानं स्वतः जोडायचं काही उरत नाही. प्रवचन कुठं फसलं, हे अशा नोंदीतून नेमकं दिसतं.

साचे उसने घेणं मराठी ख्रिस्ती परंपरेला नवं नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवीत रचलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. पूर्वरंगात सूत्राचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, फक्त आख्यान बायबलमधलं. पुढं ना. वा. टिळकांनी भजन आणि अभंगाची वाट धरली. हा साचा ओळखला नाही, तर उत्तररंगातल्या लांब गोष्टीला आपण 'विषयांतर' म्हणून बसतो.

आता विनोद. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं कुसळ-मुसळ आठवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तुळईसारखं मोठं लाकूड असा आहे. मराठीत तिथं मुसळ आलं आणि कुसळाशी यमक जुळलं. स्वतःच्या डोळ्यात अख्खं मुसळ घेऊन शेजाऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघालेला माणूस डोळ्यासमोर आला की हसू येतंच. पण ते हसू शेजाऱ्यावर नाही. ते हसणाऱ्यावरच उलटतं. दार्ष्टान्तिक वेगळं सांगावं लागत नाही, हसण्यातच मेळ बसतो.

म्हणून विनोदाची नोंद करताना 'लोक हसले' एवढं लिहून भागत नाही. कुणाला हसले, हे लिहा. पाळक स्वतःवर हसवतो, मंडळीवर हसवतो, की शेजारच्या देवळातल्या माणसांवर, बायकांवर, एखाद्या जातीवर? कवठ्यासारख्या गावात देवीची यात्रा, शाहिराचा गण आणि रविवारची उपासना एकमेकांच्या कानावर असते. इथं दुसऱ्याच्या श्रद्धेवर मारलेला विनोद दोन मिनिटांत हशा मिळवतो, आणि ते नातं दुरुस्त करायला वर्षं जातात. तुमच्या प्रबंधात हा फरक दिसला नाही, तर सगळ्यात महत्त्वाची गोष्टच निसटली.

क्षेत्रकार्याबद्दल दोन गोष्टी. एक, लिखित प्रवचनावर विसंबू नका. वगाची वही वाचून बतावणी कळत नाही, तसंच हे. थांबणं, नजर, कुणाकडं हात केला, हे प्रत्यक्ष बसूनच टिपता येतं. रेकॉर्डिंग करायचं तर आधी परवानगी घ्या. दोन, पाळकानं गावातल्याच माणसाचा किस्सा दृष्टांत म्हणून सांगितला असेल, तर नाव गाळून पुरत नाही. 'नदीकाठची विधवा शिक्षिका' असं लिहिलं तरी गावाला कळतं. असा मजकूर गाळा, फक्त त्या गोष्टीनं काय काम केलं ते लिहा.

सराव म्हणून या आठवड्यात कुठलंही एक प्रवचन किंवा कीर्तन ऐका. कागदावर चार रकाने करा: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टान्तिक, आणि हसू कुणावर. जो रकाना रिकामा राहील, तिथूनच तुमचा संशोधन-प्रश्न निघण्याची शक्यता जास्त आहे.