गाईडची गाठ, मागाची गाठ

हिवाळी शिबिरांच्या आधी गाईडच्या मुली बॅजची तयारी कशी करतात ते लिहा, एवढंच संपादकांनी सांगितलं होतं. त्यासाठी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत गेले. शाळेच्या मागे यंत्रमागांची खडखड दिवसभर चालू असते. पटांगणात आठवीतल्या मुली गोल करून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात दोराचे दोन तुकडे होते, एक जाड आणि एक बारीक. प्रथम सोपानाच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, गाठी चालल्या होत्या. रीफ नॉट झाली, क्लोव्ह हिच झाली, मग शीट बेंडची पाळी आली. बहुतेक मुली ओठ चावत दोर उलटसुलट करत होत्या. एकीने मात्र हाताकडे न बघता गाठ मारून बाईंपुढे धरली. ‘कुठं शिकलीस गं?’ या प्रश्नावर तिचं उत्तर होतं, ‘घरी. मागावर.’

तेव्हापासून ही एकच गाठ माझ्या डोक्यात बसली आहे.

शीट बेंड बांधायची रीत सोपी आहे. जाड दोराचं टोक दुमडून त्याचा फास करायचा. बारीक दोर त्या फासातून खालून वर काढायचा, फासाच्या दोन्ही पदरांमागून फिरवून आणायचा आणि स्वतःच्याच अंगाखाली खोचायचा. ओढ बसली की जाड दोर बारीक दोराला दाबतो आणि जितकी ओढ वाढेल तितकी पकड वाढते. ओढ संपली की फास मागे ढकलायचा, गाठ मुकाट्याने सुटते. दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर जोडायला हीच गाठ का, याचं उत्तर तिच्या घडणीतच आहे. रीफ नॉट दोन सारख्या दोरांत सपाट बसते, म्हणून ती पट्टी बांधायला उत्तम. पण एक दोर जाड आणि एक बारीक असेल, तर ओढ बसताच ती उलटते आणि सरकते. हा फरक ज्या मुलीला हाताने कळला, तिला गाठींमागचं तत्त्व कळलं असं खुशाल समजावं.

मागावरची गोष्ट अशी. ताण्यातली तार तुटली की विणकर माग थांबवतो आणि सुताचा तुकडा जोडून ती सांधतो. ही गाठ पुढे फणीच्या दातांमधून जायची असते. ती फुगीर असेल तर अडकते, शेजारच्या चार तारा तोडते आणि चादरीवर डाग पडावा तशी खोट राहते. म्हणून विणकर जी बारकी, सपाट, ओढीला न सरकणारी गाठ मारतो, तिची घडण तंतोतंत शीट बेंडची असते. फरक एवढाच की गाईड ती दोन्ही हातांनी दोर फिरवून बांधते आणि विणकर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, क्षणात. जहाजाच्या शिडावर आणि सोलापूरच्या टॉवेलच्या ताण्यावर एकच गाठ दोन वेगळ्या वाटांनी पोचली आहे. क्लिफर्ड अॅश्ले यांनी १९४४ साली गाठींचा जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात साडेतीन हजारांवर नोंदी आहेत. त्या गर्दीतही ही गाठ पहिल्या रांगेतली आहे.

बाईंनी त्या दिवशी एक शहाणपणाचं काम केलं. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी त्या मुलीलाच मधे बसवलं आणि इतरांना तिच्याकडून सुताची गाठ शिकायला लावली. आधी सूत, मग दोर. ज्यांच्या घरी माग नाहीत पण आई कांड्या भरते, अशाही मुली तिथं होत्या, त्यांची बोटं लवकर वळली. या गावात बॅजची तयारी अशीच व्हायला हवी, असं मला तिथंच वाटलं आणि पुढे जे जे पाहिलं त्याने ते मत पक्कं होत गेलं.

हे बॅज देणाऱ्या गाईड संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगते. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं स्काऊट शिबिर घेतलं. १९०९ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसला स्काऊट मुलांचा मेळावा भरला, तिथं काही मुलीही आपणहून हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी गाईड चळवळ सुरू झाली आणि तिची धुरा बेडन पॉवेल यांच्या बहिणीने, अॅग्नेस यांनी, उचलली. १९११ साली जबलपुरात भारतातली पहिली गाईड कंपनी (मुलींचं पथक) निघाली, ती युरोपीय मुलींची. भारतीय मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षं जावी लागली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट आणि गाईड ही एकत्र संस्था झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड संघटना तिच्यात सामील झाली. गाईडच्या जागतिक केंद्रांपैकी एक, ‘संगम’, १९६६ पासून पुण्यात आहे, हे सोलापुरातल्या फार थोड्या मुलींना माहीत असतं.

दहा वर्षं पूर्ण झालेली मुलगी गाईड होते. त्याआधी ती बुलबुल असते, पुढे रेंजर. कंपनीतले संघ फुलांच्या नावांनी ओळखले जातात. नियम, वचन, प्रार्थना, ध्वजगीत आणि रोजचं एक सत्कृत्य यांनी प्रवेश होतो. मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. बाजूने स्वयंपाक, प्रथमोपचार, शिबिरकला अशी प्रावीण्य पदकं. ‘खरी कमाई’ तर महाराष्ट्रातल्या स्काऊट-गाईड झालेल्या कुणालाही आठवेल: छोटी कामं करून मुलांनी स्वतः मिळवलेले पैसे.

पण तयारीचं खरं रूप दिसतं ते चुलीपाशी. उघड्यावर, दोनच काड्यांत लाकडाची आग पेटवायची, ही द्वितीय सोपानाची जुनी परीक्षा आहे. सोलापूरच्या माळावर झाडं कमी आणि वारा मोकळा. इथं पुस्तकातल्या चित्रासारखी सुकी फांदी शोधत बसलं तर दिवस जाईल. बाईंनी मुलींना शेताच्या बांधावर नेलं आणि काय काय जळतं ते गोळा करायला सांगितलं. ज्वारीची धसकटं, कडब्याची पानं, तुराट्या, बाभळीच्या काटक्या, गवऱ्या. मग त्यांची लावणी. सगळ्यांत खाली कडब्याची कुरकुरीत पानं, त्यावर तुराट्या उभ्या टेकवलेल्या, बाभूळ शेवटी. बारीक जळण आधी का, तर त्याला हवा सगळ्या बाजूंनी मिळते आणि ते पटकन तापतं. बाभूळ पेटायला वेळ घेते, पण एकदा पेटली की निखारा टिकतो आणि भाकरी निखाऱ्यावरच फुगते. वाऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि काडी वाऱ्याच्या बाजूने लावायची, म्हणजे ज्योत जळणात शिरते. पहिल्या संघाच्या दोन्ही काड्या विझल्या, कारण पहाटेच्या दवाने पानं ओलसर होती. दुसऱ्या संघाच्या नायिकेने तुराटीची साल सोलून आतला कोरडा भाग वापरला. तिची आग पहिल्याच काडीत लागली.

शिबिरात बिनभांड्याचा स्वयंपाक असतो. भांडं न वापरता पानात, मातीत, काठीवर किंवा निखाऱ्यात अन्न शिजवायचं. शहरातल्या शिक्षकांना हा प्रकार अवघड वाटतो. ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी पिकते आणि थंडीत शेताशेतांत हुरड्याची आगटी पेटते, तिथं मात्र ही विद्या घरचीच आहे. खड्ड्यात गवऱ्या पेटवायच्या, धग बसली की कोवळी कणसं राखेत खुपसायची, बाहेर काढून तळहातावर चोळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी. कुठलं भांडं लागलं? आजीकडून ही आगटी शिकून येणाऱ्या मुलीला पदकासाठी नवं काही पाठ करावं लागत नाही. तिला फक्त कणीस किती वेळ ठेवायचं आणि राख किती गरम हवी हे शब्दांत सांगता यायला हवं, कारण परीक्षक तेच विचारतो.

दिशा ओळखण्याच्या धड्यात मात्र पुस्तकावर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुनी युक्ती अशी: घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे रोखा, तो काटा आणि बाराचा आकडा यांच्या बरोबर मधे दक्षिण. ही युक्ती इंग्लंडात वर्षभर चालते, कारण तिथं सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेलाच असतो. सोलापूर सुमारे साडेसतरा अंश अक्षांशावर आहे. इथं मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्या दोन तारखांच्या मधे तो दुपारी उत्तरेला असतो. त्या काळात या युक्तीने चालणारी मुलगी उलट दिशेला जाईल. शिवाय आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं, सोलापूर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून इथली खरी मध्यान्ह साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होते. डिसेंबरच्या शिबिरात ही युक्ती चांगली चालते, पण का चालते हे मुलींना सांगितलं पाहिजे.

रात्रीचंही तसंच. लंडनहून ध्रुव एक्कावन्न अंशांवर दिसतो आणि सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. सोलापुरातून ध्रुव क्षितिजापासून साडेसतरा अंशांच्या आसपास असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी तर क्षितिजाखालीच असतात. ‘सप्तर्षी शोधा आणि ध्रुवाकडे जा’ एवढंच पाठ केलेल्या मुलीला त्या वेळी काहीच सापडणार नाही. तेव्हा शर्मिष्ठा हा तारकासमूह उपयोगी पडतो, तो उत्तरेला उंच चढलेला असतो. हे सगळं शिकायला शहराचा उजेड सुटेल इतकं दूर जावं लागतं आणि तिथं रात्र काढावी लागते.

आणि अडचण नेमकी तिथं आहे.

बाकीच्या अडचणी मी ऐकल्या, त्या खऱ्या आहेत. कंपनी सांभाळणाऱ्या गाईड कॅप्टनचं काम शिकवण्याखेरीजचं आहे. आधी बेसिक, मग अॅडव्हान्स, अगदी पुढे पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रापर्यंत जाऊन हिमालय वुड बॅज मिळवणाऱ्या शिक्षिका आहेत, पण त्याच शिक्षिकेला निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामंही करायची असतात. पटांगणं आक्रसली आहेत. सुती दोर महाग म्हणून नायलॉनचा आणला जातो आणि नायलॉनवर साधी शीट बेंड सरकते, एक वेढा जास्त द्यावा लागतो. हे न सांगितल्याने मुलींचा गाठीवरचा विश्वास उडतो. दहावीला सवलतीचे गुण मिळतात म्हणून काही ठिकाणी वही आधी भरते आणि कौशल्य मागे राहतं. एकीची नोंदवही दुसरीने उतरवलेली मी पाहिली. त्यात आग पेटवण्याचं सुबक चित्र होतं, पण मुलीने काडी कधी ओढलीच नव्हती.

तरी यातली प्रत्येक गोष्ट एखादी जिद्दी बाई निभावून नेते. रात्रीच्या मुक्कामाचं तसं नाही. वरच्या सोपानांना मुक्कामी शिबिर लागतंच आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घराबाहेर रात्रभर पाठवायचं म्हटलं की घरं गप्प होतात. मुलगी मोठी झाली, हे एक कारण. शिबिराच्या जागी संडास नाही, पाणी नाही, हे दुसरं, आणि ते अगदी रास्त आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत आलं आहे, तिथल्या आईला पाण्याची खात्री आधी हवी असते. घरी विड्या वळणाऱ्या हजारो बाया या शहरात आहेत. त्यांच्या मुलीचे शाळेनंतरचे तास घरच्या कामात मोजलेले असतात, शिबिराचे दिवस म्हणजे तेवढी मजुरी कमी. अशा आईला ‘शिबिर चांगलं असतं’ एवढं सांगून भागत नाही.

बाई मला म्हणाल्या की मुली गळतात त्या याच टप्प्यावर. गाठी बांधणाऱ्या, आग पेटवणाऱ्या, संघ चालवणाऱ्या मुली द्वितीय सोपानावर थांबतात. त्याच वयाचे स्काऊट मुलगे पुढे जातात. हे ऐकून मला राग आला आणि अजूनही तो गेलेला नाही. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, जिथं आषाढीला बाया मैलोन्मैल चालत येऊन उघड्यावर रात्री काढतात, तिथं एका रात्रीसाठी मुलीचा बॅज अडावा हे मला मान्य नाही. वारीला सोबत असते, पाण्याचा टँकर असतो, ओळखीची दिंडी असते. मुलींच्या शिबिरालाही तेवढंच हवं आहे.

एका आईचं उदाहरण सांगते. तिने आधी नकार दिला. बाईंनी तिला सांगितलं, तुम्हीच चला, स्वयंपाकावर देखरेख करा. ती आली, रात्रभर शेकोटीपाशी बसली, पहाटे मुलींबरोबर तारे पाहिले. पुढच्या शिबिराला तिने शेजारच्या दोन घरांची परवानगी मिळवून दिली. यापेक्षा चांगला उपाय मला कुठल्या कार्यालयात ऐकायला मिळाला नाही.

म्हणून सोलापूर, मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमचं शेत असेल, विहिरीला पाणी असेल, वस्तीवर बंद होणारं दार असलेला संडास असेल आणि घरात एखादी बाई मुक्कामाला असेल, तर या हुरड्याच्या हंगामात जवळच्या मुलींच्या शाळेतल्या गाईड कॅप्टनला निरोप द्या. एका कंपनीला एक रात्र जागा द्या. मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही बोलवा. जळण, दोर आणि तंबू मुली घेऊन येतील, तुमच्याकडून फक्त जागा आणि विश्वास हवा आहे.