भोपाळचे वार्तापत्र : दीदीच्या हाती अठरा महिने

मध्य प्रदेशात एचआयव्हीची लागण महाराष्ट्रापेक्षा पुष्कळ कमी आहे. त्यामुळे आपल्याकडून इथे येणाऱ्याला वाटते, की आईकडून बाळाला होणारी लागण रोखणे इथे सोपे असणार. ते तसे नाही. सांगली-पुण्याकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने एचआयव्ही असलेल्या बायकांची बाळंतपणे केलेली असतात. काय करायचे ते तिच्या हाताला ठाऊक असते. इथल्या खेड्यातल्या उपकेंद्रावरच्या एएनएमपुढे, म्हणजे बायका जिला 'दीदी' म्हणतात त्या सहायक परिचारिकेपुढे, अशी बाई कित्येक वर्षे येतही नाही. तरी दर गरोदर बाईच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचे आणि पट्टीकडे दर वेळी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे पाहायचे, हे तिचे काम. जे क्वचित सापडते ते शोधत राहायला जास्त चिकाटी लागते.

शिवाय तिच्या डोक्यावर दुसरे मोठे ओझे आहे. 2018-20च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे माता दगावण्याचे प्रमाण महाराष्ट्रात 33, देशात 97 आणि मध्य प्रदेशात 173 होते. रक्तस्राव, पंडुरोग, झटके, वेळेवर न मिळणारी गाडी यांच्याशी ती रोज झगडते. एचआयव्हीची तपासणी त्या गर्दीतली एक ओळ होऊन बसते. भोपाळच्या कचेऱ्यांतून या कामाकडे पाहणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

याच शहरात सुईणीचे काम राज्यकर्त्यांच्या दरबारापर्यंत पोहोचले होते, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसेल. 1819 ते 1926 या काळात भोपाळची गादी बहुतांश चार बेगमांनी सांभाळली. त्यांतली शेवटची, सुलतान जहाँ बेगम, 1901 साली गादीवर आली. तिने स्वतःच्या दोन मुली अल्पवयात गमावल्या होत्या. लेडी लॅन्सडाऊन रुग्णालयात तिने दायांना शिकवण्याची सोय केली आणि दाईने शिकूनच बाळंतपण करावे असा आग्रह धरला. दाईला दूर सारण्यापेक्षा तिला शहाणे करावे, हा तिचा विचार मला आजही मोलाचा वाटतो. बायकांच्या दवाखान्याला जुन्या भोपाळात लोक अजून 'सुलतानिया' म्हणूनच ओळखतात.

आता या कामाचे शास्त्र थोडक्यात सांगतो. काहीच उपाय केला नाही, तर एचआयव्ही असलेल्या आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. काही बाळांना ती पोटात होते, बऱ्याच जणांना जन्मताना आणि काहींना पुढे अंगावरच्या दुधातून. औषधे वेळेवर आणि नेमाने घेतली तर हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येते. भारतात हा कार्यक्रम 2002 साली सुरू झाला तेव्हा कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, एवढेच होते. 2014पासून प्रत्येक गरोदर बाधित स्त्रीला तपासणीनंतर लगेच तीन औषधांचा उपचार सुरू होतो आणि तो जन्मभर चालतो. बाळाला निदान सहा आठवडे नेव्हिरापिनचे पातळ औषध द्यायचे असते; आईचा उपचार उशिरा सुरू झाला असेल तर त्याहून जास्त. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा आठवडे रोज औषध देण्याचा अभ्यास इथिओपिया आणि युगांडाबरोबर आपल्या पुण्यातही झाला होता. त्याचे निष्कर्ष 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. भोपाळच्या वॉर्डात एखादी सिस्टर ते औषध बाळाच्या तोंडात सोडते, तेव्हा त्यामागे पुण्यातल्या आयांचाही वाटा असतो.

बाळंतपणाच्या खोलीत सुईणीचे कसब बरेचसे संयमात असते. पाणमोट उगाच फोडायची नाही. गरज नसताना टाके पडतील असा छेद घ्यायचा नाही. बाळाच्या अंगावरचे रक्त-पाणी हलक्या हाताने पुसायचे, नाकातोंडात विनाकारण नळी घालायची नाही. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करायचे नाही, असे आपल्या देशाचे धोरण आहे. हातमोजे, चष्मा, सुईची विल्हेवाट ही काळजी तर प्रत्येक बाळंतिणीच्या वेळी घ्यायची, कारण कोणाला काय आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. जी सिस्टर सगळ्यांशी सारखेच वागते, तिच्या वॉर्डात बाधित बाई वेगळी ओळखू येत नाही. औषधाइतकेच हेही महत्त्वाचे आहे. 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर 2018पासून लागू आहे. संमतीवाचून तपासणी नाही, परवानगीवाचून कोणाला सांगणे नाही, उपचार नाकारणे नाही, असे तो बजावतो. खेड्यात मात्र हा कायदा एएनएमच्या तोंडाला लावलेल्या कुलपाइतकाच मजबूत. पट्टीवर रेघ उमटली तरी ते निदान नव्हे. मोठ्या केंद्रावर आणखी चाचण्या होऊन पक्के व्हायचे असते. तोवर त्या बाईला धीर देत, सासूच्या प्रश्नांना साधी उत्तरे देत तिला तिथवर घेऊन जायचे. हे काम नोंदी भरायच्या कोणत्याही टॅबलेटवर नोंदवता येत नाही.

सर्वांत अवघड भाग बाळंतपणानंतरचा. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वर पाणीसुद्धा नाही. बाळाला घुटी किंवा मध चाटवणाऱ्या आजीला हे पटवायचे असते. आई आणि बाळ या जोडीला एवढा काळ नजरेआड होऊ न देणे हेच खरे काम, आणि साखळी तुटते ती इथेच. बैतूल, खंडवा, बऱ्हाणपूर या आपल्या सीमेलगतच्या जिल्ह्यांतून कुटुंबे कामासाठी महाराष्ट्रात उतरतात. बाई कधी माहेरी जाते, कधी शेतावरच्या झोपडीत. कार्ड गावी राहते, औषधाची बाटली संपते आणि इकडची दीदी फोन लावत बसते.

शेजारच्या श्रीलंकेने हा प्रश्न सोडवला आहे. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशात आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि जन्मजात सिफिलिसची लागण संपल्याचे मान्य केले. तिथे 1926च्या कळुतारा आरोग्य केंद्रापासून रुजत गेलेली सार्वजनिक आरोग्य सुईणीची परंपरा आहे. ठरलेल्या घरांची जबाबदारी ठरलेल्या सुईणीवर असते आणि ती घरी जाते. आपल्या केंद्र सरकारनेही 2018 साली परिचारिकांना अठरा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन स्वतंत्र सुईण-तज्ज्ञ घडवण्याचे धोरण जाहीर केले. दिशा बरोबर आहे. पण कंत्राटी नेमणूक, सारख्या बदल्या आणि एका एएनएमवर पसरलेली भलीमोठी वस्ती असताना, आईला पहिल्या दिवशी भेटलेली दीदी अठराव्या महिन्यातही तिथेच सापडेल याची हमी कोण देणार? माझ्या मते मध्य प्रदेशाने नव्या इमारतींआधी या एका गोष्टीवर पैसा खर्चावा. औषध फुकट मिळते आहे. ते बाळापर्यंत पोहोचवणारी माणसे टिकवली पाहिजेत.

यात महाराष्ट्रानेही हातभार लावायला हवा. ऊसतोडीला, कांदा काढणीला किंवा बांधकामावर आलेल्या टोळीत गरोदर बाई दिसली, तर शेतमालकाने आणि मुकादमाने तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, मजुरी न कापता. तिला काय आजार आहे हे विचारू नये. ते तिचे आणि तिच्या सिस्टरचे आहे. आधीपासून औषध चालू असलेल्या स्त्रीला, गाव सोडल्यावरही, उपचाराची पुस्तिका दाखवून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या केंद्रात, औषध मिळू शकते. कुठे जायचे हे कळत नसेल तर राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक 1097 आहे आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.