स्वयंपाकघरांतील काटकसर : साऱ्या घराचें कर्तव्य

‘पर्यावरणाचें रक्षण’ हे शब्द हल्लीं सभांतून व वर्तमानपत्रांतून वारंवार कानीं पडतात. परंतु त्यांचा आपल्या शेगडीशीं कांहीं संबंध आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आलेंच तर, ‘तें बायकांनीं पाहावें’ असें म्हणून घरांतील कर्तीं माणसें मोकळीं होतात. वस्तुतः स्वयंपाकघरांतील बरीचशी नासाडी साऱ्या घराच्या संवयींमुळें होते, आणि ती थांबविणें एकट्या गृहिणीच्या हातीं नसतें.

प्रथम जळणाचा विचार करूं. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो, आणि भारताला लागणाऱ्या या गॅसपैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून आणावा लागतो. तो वांचविण्याचें शास्त्र सोपें आहे. पाणी एकदां उकळूं लागलें, कीं ज्योत कितीहि मोठी केली तरी त्याचें उष्णतामान वाढत नाहीं. वाफ मात्र अधिक निघते. म्हणून उकळी फुटतांच ज्योत बारीक करावी व भांड्यावर झांकण ठेवावें. प्रेशर कुकरमध्यें वाफ कोंडल्यामुळें पाणी सुमारें १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें व डाळ लौकर शिजते. तरीहि हरभरे, वाटाणे रात्रीं भिजत घालण्याची जुनी चाल सोडूं नये. एकावर एक डबे रचून वरण, भात व भाजी एकाच जाळावर शिजविण्याची युक्तिहि जुनीच आहे. बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० सालीं काढलेला ‘इकमिक कुकर’ याच तत्त्वावर थोड्याशा कोळशांवर चालत असे.

परंतु घरांत चार माणसें चार वेळां जेवूं लागलीं, कीं ही सारी बचत व्यर्थ जाते. तीच आमटी चार वेळां तापवावी लागते, आणि प्रत्येकाच्या तव्यावरच्या पोळीसाठीं सुनेला ओट्यापाशीं तिष्ठत राहावें लागतें. निदान रात्रीचें जेवण सर्वांनीं एका वेळीं घेतलें, तर जळणाबरोबर तिचे श्रमहि वांचतील.

दुसरी गोष्ट अन्नाची. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें १०५ कोटि टन अन्न वायां गेलें, व त्यांतील सुमारें ६० टक्के घराघरांतून गेलें. उकिरड्याच्या ढिगाखालीं हवेवांचून कुजणाऱ्या अन्नांतून मिथेन वायु निघतो. शंभर वर्षांचा हिशोब केला, तर तो पृथ्वीचें उष्णतामान वाढविण्यांत तितक्याच वजनाच्या कार्बन डायॉक्साइडपेक्षां पंचवीस पटींहून अधिक प्रभावी ठरतो. यावर उपाय एकच : कोण जेवावयास नाहीं, हें ज्यानें त्यानें सकाळींच सांगावें. आणि उरलेंच तर फोडणीचा भात किंवा पोळीचा कुस्करा सर्वांच्या पानांत पडावा. शिळें निमूटपणें सुनेनें संपवावयाचें व ताजें इतरांनीं खावयाचें, याला काटकसर म्हणतां येणार नाहीं. तो उघड अन्याय आहे.

राहिलीं सालें, देठें व खरकटें. ज्यांना अंगण आहे, त्यांनीं पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनें तयार केलेल्या लहान गॅस-संयंत्राची माहिती घ्यावी. खरकट्यापासून जळाऊ गॅस देणाऱ्या या संयंत्राबद्दल संस्थेस २००६ सालीं अॅश्डेन पुरस्कार मिळाला. सदनिकेंत राहणाऱ्यांस भोंकें पाडलेली बादली व सुका पालापाचोळा एवढें साहित्य खतासाठीं पुरतें. तिची व्यवस्था घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं पाहावी. ओला व सुका कचरा आपण निराळा न केल्यास तो निवडण्याचें काम कचरा वेंचणाऱ्या बाईच्या उघड्या हातांवर येतें, हेंहि मुलांना सांगावें.

यासाठीं नवी खरेदी फारशी नको. आज सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, आणि हे नियम सर्वांनीं पाळल्यावर पुढचा सिलिंडर किती दिवस अधिक पुरतो, तें घरांतील वडीलधाऱ्यांनीं स्वतः पाहावें.