‘हॅव’ कोठें चालत नाहीं?

‘मीं त्यास काल पाहिलें आहे’ हें मराठी वाक्य कानास खटकत नाहीं. तेंच ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असें इंग्रजींत उतरविलें, कीं चुकतें. या रूपाच्या ‘प्रेझेंट परफेक्ट’ या नांवांतच वर्तमान आहे. क्रिया मागें घडलेली असली, तरी तिचा धागा आजशीं जुळलेला असावा लागतो. ‘काल’, ‘१९४२ सालीं’ असा निश्चित काळ सांगितला, कीं तो तुटतो व ‘सॉ’ हेंच रूप लागतें.

नोकरीच्या अर्जांत ही चूक महाग पडते. ‘आय हॅव वर्क्ड इन धिस ऑफिस फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिणारा सहसा अद्याप कामावर आहे असें समजतात. नुसतें ‘वर्क्ड’ लिहिणाराची नोकरी संपली. मग साहेब विचारणारच, ती कां सुटली? ‘आय ॲम वर्किंग फॉर फाइव्ह इयर्स’ हें तर आपल्या ‘पांच वर्षें काम करीत आहें’ याचें शब्दशः भाषांतर; तेथें ‘हॅव बीन वर्किंग’ हवें.

अमेरिकेंत मात्र ‘आय जस्ट एट’ असें सर्रास बोलतात. इंग्लंडांत तेथें ‘हॅव’ घालण्याकडे कल अधिक.