अभिनयात करिअर करायचे आहे? मुंबईची गाडी पकडण्याआधी एवढे वाचा

आपल्या वस्त्यांमध्ये कलावंतांची कमतरता कधीच नव्हती. भीमजयंतीच्या मंचावर एकपात्री करणारा मुलगा, विहारात लहान मुलांचे नाटक बसवणारी ताई, गायन पार्टीत कोरस धरणारे तरुण आपण दरवर्षी पाहतो. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी तर बाबासाहेबांच्या हयातीतच गावोगावी चळवळीचा विचार पोहोचवला. म्हणजे अभिनय आपल्याला परका नाही. परका आहे तो अभिनयाचा व्यवसाय. तो कसा चालतो, काम कोण ठरवतो, पैसे कधी मिळतात, हे सांगणारे घरात कोणीच नसते.

आम्ही वस्तीपातळीवर तरुणांसोबत काम करतो. कर्ज काढून, आईचे दागिने गहाण ठेवून मुंबईला गेलेली आणि वर्षभरात रिकाम्या हाताने परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्यात गुण नव्हते असे नाही, माहिती नव्हती. म्हणून ही माहिती.

शिक्षण घ्या, पण कुठे?

"तीन महिन्यांत अभिनेता व्हा" अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. अशा खासगी वर्गांची फी मोठी असते आणि त्यांच्या प्रमाणपत्राला बाजारात फारशी किंमत नसते. त्याआधी सरकारी आणि विद्यापीठीय पर्याय पाहा. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) १९५९ मध्ये सुरू झाले. तिथला पूर्णवेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. प्रवेशासाठी पदवी आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. या दोन्ही संस्थांत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. त्या आपल्या हक्काच्या आहेत. जातीचा दाखला वेळेवर नसल्याने त्या घालवू नका.

राज्यातही सोय आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग इथे रीतसर पदव्या मिळतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. खासगी अकादमीत हा आधार सहसा मिळत नाही. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: या कोर्सला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे?

आहात तिथूनच सुरुवात करा

मुंबईत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "आधी काय केले आहे?" याचे उत्तर गावातच तयार होते. महाविद्यालयात असाल तर युवक महोत्सव आणि पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांत उतरा. महाविद्यालय संपले असेल तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी राज्य नाट्य स्पर्धा आहे. तिची केंद्रे राज्यातल्या वेगवेगळ्या शहरांत असतात. दोन-तीन वर्षे अशा रंगमंचावर काढली की आवाज, देहबोली आणि पाठांतर तयार होते. त्यासाठी घर विकावे लागत नाही.

जो पैसे मागतो, तो काम देत नाही

हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. कास्टिंग करणाऱ्याला त्याचे पैसे निर्माता देतो, कलाकार नाही. ऑडिशनची फी, नोंदणीची फी, "रोल पक्का करण्यासाठी" डिपॉझिट असे काहीही मागितले की तिथून उठा. ठरावीक फोटोग्राफरकडूनच महागडा पोर्टफोलिओ काढा असा आग्रह झाला, तरी सावध व्हा. सुरुवातीला चांगल्या उजेडात मोबाइलवर काढलेले, मेकअप नसलेले काही साधे फोटो आणि एक मिनिटाचा ओळख व्हिडिओ पुरतो. त्यात नाव, वय, उंची आणि येणाऱ्या भाषा सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट. ऑडिशन हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री उशिरा ठेवली असेल तर जाऊ नका आणि नेहमी कोणाला तरी पत्ता सांगून निघा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा शूटिंगच्या सेटलाही लागू होतो. निर्मात्याकडे अंतर्गत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. जातीवरून अपमान झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

पोटाचा हिशेब

मालिकांमध्ये मानधन बहुतेक वेळा काम केल्यावर साधारण ९० दिवसांनी हातात येते. म्हणजे काम मिळाले तरी पहिले तीन महिने भाडे आणि जेवण स्वतःच्या खिशातून. म्हणून पदवी पूर्ण करा आणि सोबत एखादे कौशल्य ठेवा: डबिंग, व्हिडिओ एडिटिंग, शिकवणी, काहीही. किमान सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नका. काम सुरू करण्याआधी दिवसाचा दर, दिवस किती आणि पैसे कधी, हे लेखी घ्या. करारपत्र नसेल तर निदान व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. मानधनातून टीडीएस कापला जातो. आयकर रिटर्न भरले तर जास्तीचा कापलेला कर परत मिळतो. 'सिंटा' ही कलाकारांची संघटना मुंबईत आहे. तिचे सभासदत्व वादाच्या वेळी उपयोगी पडते.

भाषा आणि भूमिका

"तुमची भाषा गावठी आहे" हे अनेकांना ऐकावे लागते. त्यावर उपाय म्हणजे स्वतःची बोली टाकणे नव्हे, तर तिच्यासोबत प्रमाण मराठी आणि हिंदीही शिकणे. वऱ्हाडी, मराठवाडी बोली ही भांडवल आहे. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे आणि 'सैराट'मधली रिंकू राजगुरू आपापल्या बोलीसह पडद्यावर आले आणि दोघांच्याही अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी 'कोर्ट' (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे उभा केला, तो आयुष्यभराच्या चळवळीच्या बळावर.

पण या उदाहरणांतून चुकीचा धडा घेऊ नका. असे अचानक निवडले जाणे हा अपवाद असतो. सोमनाथ आणि रिंकू यांना संधी मिळाली, कारण नागराज मंजुळे यांच्यासारखा ते जग जगलेला दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे होता. कोणाला नायक करायचे आणि कोणाला कायम नोकराची, गुंडाची भूमिका द्यायची, हे कॅमेऱ्यामागचा माणूस ठरवतो.

म्हणून एकट्याने निघण्यापेक्षा गट बांधा. दहा जणांत दोघे लिहिणारे, एक दिग्दर्शन शिकणारा, एक कॅमेरा आणि संकलन सांभाळणारी हवी. विहाराचा हॉल संध्याकाळी दोन तास तालमीसाठी मिळू शकतो. त्यासाठी समितीकडे रीतसर मागणी करा. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेऐवजी वस्तीतल्या एकांकिकेला द्या, असा ठराव कार्यकर्त्यांनी मांडावा. आपल्या पोरांना रंगमंच मिळाला, तर मुंबईत ती याचक म्हणून नाही, कलावंत म्हणून उभी राहतील.